पाखाडीवर पॉवर स्वीपर चालवताना

गणेशचतुर्थी जवळ आली की कोकणातल्या वाड्यांमध्ये पाखाड्या, म्हणजे दगडी फरसबंद पायवाटा, मोकळ्या करण्याची लगबग सुरू होते. पावसाळ्यात जांभ्याच्या फरसबंदीवर शेवाळ धरलेले असते, वरच्या बागेतून वाहून आलेली लाल माती चिऱ्यांच्या सांध्यांत बसलेली असते आणि तिच्यावर आंबा, फणस, काजू यांच्या पानांचा ओला पातेरा थरावर थर साचलेला असतो. मुंबईहून येणाऱ्या मंडळींच्या हातात सामान असते, वयस्कर माणसे सोबत असतात आणि पुढे मूर्तीही याच वाटेने आणायची असते, त्यामुळे ही वाट निसरडी राहून चालत नाही. हे काम पूर्वी खराटा, फावडे आणि घमेले यांवर निभावत असे. आता बागायतदारांकडे गवत कापण्यासाठी पेट्रोलवर चालणारे ब्रश कटर असतात आणि त्यांपैकी काही यंत्रांच्या दांड्याला पाते काढून झाडण्याचा ड्रम बसवता येतो. हातात धरून चालवायच्या या पॉवर स्वीपरने काम झपाट्याने होते, यात शंका नाही. मात्र झाडण्याचे काम कोणालाही येते, त्यात शिकण्यासारखे काय आहे, अशा समजुतीने तो हाताळला जाताना मी पाहतो, तेव्हा मला मनापासून काळजी वाटते. खराट्याने झाडताना उडालेला खडा फार तर पायाला लागतो. इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या ड्रमने उडवलेला तोच खडा डोळा निकामी करू शकतो.

या यंत्राची रचना एकदा नीट समजून घेतली की सावधगिरीचे बहुतेक नियम आपोआप पटतात. वरच्या टोकाला इंजिन असते, त्याची गती लांब दांड्यातून खाली उतरते आणि गिअर बॉक्समधून आडव्या ड्रमला मिळते. ड्रमवर एक तर जाड रबरी पट्ट्या असतात किंवा नायलॉनचे ताठ केस असतात. सपाट फरशीवरील पाने, वाळू, चिखल आणि पाणी पुढे लोटायला रबरी पट्ट्या चांगल्या. चिऱ्यांच्या सांध्यांत घट्ट बसलेली माती आणि शेवाळ उकरायला नायलॉन चांगले. बहुतेक यंत्रांमध्ये केंद्रोत्सारी क्लच असतो, म्हणजे इंजिन मंद गतीवर असताना ड्रम स्थिर राहतो आणि रेस दिल्यावरच तो फिरू लागतो. रेस सोडली असतानाही ड्रम हळूहळू फिरत राहत असेल, तर इंजिनाची मंद गती जास्त लावली गेली आहे किंवा क्लच बिघडला आहे असे समजावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र कामाला लावू नये. शिवाय रेस सोडल्याक्षणी ड्रम जागच्या जागी थांबत नाही. आधीच्या गतीच्या जोरावर तो थोडा वेळ फिरतच राहतो. तेवढ्या वेळात पाय किंवा हात पुढे नेण्याची घाई होते, म्हणून ड्रम पूर्ण थांबलेला डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्याच्याजवळ जाऊ नये.

ड्रमची जमिनीला टेकलेली बाजू चालवणाऱ्यापासून दूर, पुढच्या दिशेला सरकत असते आणि म्हणूनच कचरा पुढे फेकला जातो. याचा दुसरा अर्थ असा की जमीन त्या ड्रमला उलट, म्हणजे आपल्याकडे ढकलत असते. रेस वाढवली की दांडा पोटाकडे सरकल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. सपाट जागेवर हा रेटा सौम्य असतो आणि दोन्ही हातांनी पकड ठेवली की सहज पेलतो. परंतु ड्रम वर आलेल्या चिऱ्याच्या कडेवर, झाडाच्या मुळीवर किंवा गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) पायावर अडकला की तोच रेटा एकाएकी झटक्याच्या रूपाने येतो. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने फोन काढणारा माणूस अशा वेळी यंत्रावरचा ताबा गमावतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ड्रमची वरची बाजू आपल्याकडे येत असते. पट्ट्यांना चिकटून वर आलेला चिखल किंवा खडा सरळ आपल्या नडगीच्या दिशेने सुटतो आणि तो अडवण्यासाठीच ड्रमच्या मागे व वर गार्ड दिलेले असते. हे गार्ड चिखलाने जड होते, गडग्याला घासते, कोपऱ्यात नीट पोहोचू देत नाही, अशी कारणे सांगून ते काढून ठेवणारे लोक आहेत. गार्ड नसेल तर यंत्र सुरूच करू नये, या बाबतीत मला कोणतीही सवलत मान्य नाही.

माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग यंत्र सुरू होण्यापूर्वीचा आहे, आणि नेमका तोच सर्वाधिक टाळला जातो. झाडायच्या वाटेवरून आधी एकदा रिकाम्या हातांनी, नजर जमिनीवर ठेवून चालून यावे. ड्रमपुढे येणारी प्रत्येक सुटी वस्तू ही फेकली जाणारी वस्तू आहे, या दृष्टीने ती वाट पाहावी. मोठे दगड, फुटलेल्या कौलांचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, काचा, खिळे आणि बांधकामातून उरलेल्या लोखंडी तारा हाताने उचलून बाजूला कराव्यात. सुंभ, प्लास्टिकची दोरी, खताच्या गोणीचे धागे आणि आंब्याच्या पेट्यांच्या पट्ट्या फेकल्या जात नाहीत, पण त्या ड्रमच्या आसाभोवती गुंडाळल्या जातात, गिअर बॉक्सच्या सीलपर्यंत शिरतात आणि ड्रम एकदम अडकवतात. दिवाळीनंतर अंगण झाडायचे असेल तर विझलेल्या फुलबाज्यांच्या तारा शोधून काढणे मला सर्वांत गरजेचे वाटते. एकदा काम संपवून ड्रम धुताना अशी एक तार रबरी पट्टीत आडवी रुतलेली मला दिसली. वीतभर लांब, गंजलेली आणि टोकाला काळ्या दारूचा थर असलेली ती तार पट्टीत न रुतता पुढे सुटली असती तर ती कुठे गेली असती, हे सांगणे अवघड नाही. न फुटलेले फटाकेही याच पाहणीत वेचून पाण्यात टाकावेत; गरम इंजिन आणि पेट्रोल यांच्या आसपास फटाक्याची दारू नको.

पातेऱ्याच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात फुरसे भरपूर आढळते. हा साप लहानसा, बहुधा हात-दीड हातापेक्षा लांब नसतो आणि त्याचा रंग माती व वाळलेली पाने यांच्यात मिसळून जातो. जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या फटीत आणि पाचोळ्यात तो दबा धरून असतो. डिवचल्यावर तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर असा आवाज काढतो. पण इंजिन सुरू असताना आणि कानांवर संरक्षण चढवलेले असताना तो इशारा ऐकू येणे शक्य नाही. म्हणून जाड पातेरा साचलेल्या जागी यंत्र नेण्यापूर्वी लांब काठीने तो हलवून घ्यावा, थोडे थांबावे आणि मगच पुढे जावे. गडग्याच्या अगदी लगतची पट्टी मी यंत्राने झाडत नाही, ती लांब दांड्याच्या खराट्याने बाहेर ओढून घेतो. वर फांदीवर किंवा गोठ्याच्या वाशाला गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, तेही याच वेळी पाहावे, कारण इंजिनाचा आवाज आणि हादरे यांनी त्या चवताळतात.

काही जागा या यंत्राच्या नाहीतच, हे मान्य करणे हाही काळजीचाच भाग आहे. शेणाने सारवलेले अंगण ड्रमखाली खरवडून निघते. जुन्या पडवीवरचे सिमेंटचे पत्रे फुटून त्यांचा चुरा खाली पडला असेल, तर तिथे कोणतीही झाडझूड कोरडी करू नये आणि पॉवर स्वीपर तर अजिबात चालवू नये, कारण जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, हवेत उडालेले ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात गेल्यावर बाहेर पडत नाहीत. असा चुरा पाण्याने पूर्ण भिजवून, मास्क लावून, हाताने गोळा करून जाड पिशवीत बांधावा. चुलीची किंवा होळीची राखही अशीच. वरून विझलेल्या राखेच्या पोटात निखारा असू शकतो आणि ड्रमने तो वाळलेल्या गवतात भिरकावला तर वणवा लागायला वेळ लागत नाही.

माणसांच्या बाबतीत एकच अंतर लक्षात ठेवावे. ब्रश कटर चालवताना आसपासच्या लोकांनी किमान १५ मीटर लांब राहावे, असे सांगितले जाते. तेच यंत्र स्वीपर म्हणून वापरतानाही मी हेच अंतर पाळतो. पंधरा मीटर म्हणजे वाडीतल्या दोन घरांमधले अंतर झाले, त्यामुळे व्यवहारात याचा अर्थ असा की पाखाडीच्या दोन्ही टोकांना निरोप द्यावा लागतो आणि कोणी येताना दिसले की रेस सोडून थांबावे लागते. लहान मुलांना यंत्राचे विलक्षण आकर्षण असते आणि ती नेमकी ड्रमसमोर येऊन उभी राहतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक मोठे माणूस नेमावे. त्या माणसाशी खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. चालवणाऱ्याला काही सांगायचे असेल तर समोरून, लांबूनच त्याच्या नजरेच्या टप्प्यात यावे आणि हात वर करावा. मागून येऊन खांद्यावर हात ठेवला की माणूस दचकून वळतो आणि त्याच्याबरोबर फिरता ड्रमही वळतो. उभ्या गाड्या, खिडक्यांच्या काचा, पाण्याचे प्लास्टिकचे नळ आणि दावणीला बांधलेली गुरे यांचाही याच हिशेबात विचार करावा.

धुळीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिचे नुकसान त्याच दिवशी दिसत नाही. पावसाळा संपून ऊन पडू लागले की सिमेंटचे खळे, पेव्हर ब्लॉक आणि डांबरी रस्त्याची कड यांवर बारीक वाळूचा थर उरतो. वाळू आणि सिमेंट काँक्रीट यांत स्फटिकरूप सिलिका असते. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडकते; खरा धोका दहा मायक्रॉनपेक्षा कितीतरी लहान कणांचा असतो, ते फुप्फुसांत खोलवर जाऊन बसतात. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही. आपल्या कामगार कायद्यात हा रोग कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. अमेरिकेत २०१६ साली बांधकामासाठी केलेल्या नियमांत, जिथे ओले झाडणे शक्य आहे तिथे अशी धूळ उडवणारे कोरडे झाडणे मना केले आहे. घरच्या अंगणात वर्षातून काही वेळा झाडणारा माणूस आणि रोज धुळीत काम करणारा मजूर यांचा धोका सारखा नाही, हे खरे. पण उपाय इतका सोपा आहे की तो टाळण्याला कारण नाही.

उपाय म्हणजे आधी पाणी शिंपडणे. पाइपने धो धो पाणी ओतले तर वाळूचा चिखल होतो, तो पट्ट्यांना थापला जातो आणि पाय घसरतो. झारीने किंवा पाइपच्या तोंडावर बोट ठेवून बारीक फवारा मारावा, पाणी मुरायला थोडा वेळ द्यावा, आणि पृष्ठभाग गडद दिसू लागला पण पायाखाली पाणी साचत नाही अशा अवस्थेत झाडायला घ्यावे. जांभ्याचा दगड सच्छिद्र असल्याने तो पाणी पटकन पितो. त्याच्यावर दोनदा शिंपडावे लागते. वारा पाठीवर घेऊन काम करावे, म्हणजे उरलीसुरली धूळ आपल्यापासून दूर जाते, मात्र ती शेजाऱ्यांच्या ओटीवर जात नाही ना, तेही पाहावे. तोंडाला रुमाल किंवा पंचा बांधणे या बारीक कणांपुढे निरुपयोगी आहे. एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क लागतो.

भर पावसाळ्यात धूळ नसते, पण तेव्हा चिखलाचे शिंतोडे असतात. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात पावसाळ्यात दरवर्षी डोके वर काढतो; त्याचे जंतू ओल्या मातीतून आणि साचलेल्या पाण्यातून त्वचेवरील जखमा, डोळे आणि तोंड यांवाटे शरीरात जातात. गोठ्याजवळचा किंवा गटाराकाठचा चिखल ड्रमने उडवणे म्हणजे तो जाणूनबुजून तोंडावर घेण्यासारखे आहे. म्हणून पायाला किंवा हाताला जखम असेल तर ती झाकावी, चेहऱ्यावर संपूर्ण पारदर्शक ढाल लावावी आणि काम झाल्यावर साबणाने अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू नये. त्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत ठणका जाणवला तर डॉक्टरांना चिखलातल्या कामाविषयी आवर्जून सांगावे.

पेहरावाविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्यातले बहुतेक उघड आहे. डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला चष्मा, कानांवर मफ किंवा प्लग, हातात पकड देणारे मोजे, पायांत पुढे कडक टोपी आणि खाली खोल नक्षी असलेले बूट, जाड फुलपँट. ढाल लावली तरी आत चष्मा हवाच, कारण खालून उसळलेला खडा ढालीच्या कडेतून आत येतो. चप्पल, लुंगी, गळ्यातला टॉवेल, सुटा पदर, ओढणी आणि मोकळे केस या यंत्राजवळ चालत नाहीत. उन्हाने डोके तापते म्हणून टॉवेल हवाच असेल, तर तो टोपीखाली पक्का खोचावा.

इंधनाच्या बाबतीत टू-स्ट्रोक इंजिनाचे गणित काटेकोर असते. यंत्राच्या पुस्तिकेत ५०:१ असे प्रमाण दिले असेल तर एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर टू-टी ऑइल, आणि २५:१ दिले असेल तर ४० मिलिलिटर. हे अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ओतू नये, मापाने ओतावे. अलीकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली आढळते. म्हणून आपल्या यंत्राची पुस्तिका उघडून पाहावी आणि विक्रेत्याला विचारावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. टाकीतली इंधनाची नळी तळाशी असल्यामुळे इंजिनाला ऑइलविना द्रव मिळतो आणि पिस्टन जाम होऊ शकतो. तेव्हा लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि महिनाभरात संपवावे.

इंधन भरताना इंजिन बंद आणि निवलेले असावे. गरम सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेटायला ठिणगीचीही गरज पडत नाही. बिडी, चूल, देवापुढची समई या सगळ्यांपासून लांब, उघड्यावर, डबा जमिनीवर ठेवून इंधन भरावे. सांडलेले पुसून घ्यावे आणि भरलेल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. पावसाची सर आली म्हणून पडवीत किंवा गोठ्यात उभे राहून इंजिन चालू ठेवणे घातक आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि आधी डोके जड होणे, मग मळमळ, मग शुद्ध हरपणे असा त्याचा क्रम असतो.

सुरू करताना यंत्र सपाट जमिनीवर आडवे ठेवावे, ड्रम कशालाही टेकलेला नसावा, एका हाताने इंजिनाचा भाग दाबून धरावा आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढावी. चोक लावून सुरू करताना रेस अर्धवट उघडलेली असते, त्यामुळे पहिल्या स्फोटाबरोबर ड्रम फिरू लागण्याची शक्यता असते. हे माहीत नसलेला माणूस ड्रमशेजारी पाय ठेवून उभा राहतो. इंजिन लागले की रेसला एक हलका झटका देऊन ती मंद गतीवर आणावी, ड्रम थांबला याची खात्री करावी, मग पट्टा खांद्यावर घेऊन त्याची लांबी जुळवावी. ड्रमसकट यंत्राचे वजन १० किलोच्या पुढेमागे असते आणि पट्टा चुकीचा लागला तर ते सगळे कमरेवर येते. कंबर न वाकवता, हात किंचित दुमडून, ड्रम जमिनीला सपाट टेकतो, अशी लांबी बरोबर समजावी.

झाडताना ड्रम जमिनीवर टेकलेला ठेवून सरळ रेषेत, रमतगमत चालण्याच्या गतीने पुढे जावे. गवत कापण्याची सवय असलेले हात नकळत दांडा डावीउजवीकडे फिरवू लागतात. स्वीपरला ती सवय चालत नाही, कारण ड्रम वळला की फेक वळते आणि आपण जिथे माणसे नाहीत असे पाहून ठेवले होते ती दिशा बदलते. ड्रम जमिनीपासून उचलून फिरवू नये. रेसही लागेल तेवढीच द्यावी: वाळलेल्या पानांना थोडी पुरते, ओल्या मातीला जास्त लागते, आणि पूर्ण रेसवर सुटी खडी झाडणे म्हणजे ती आजूबाजूच्या घरांवर फेकणे होय. शेवाळ घट्ट असेल तर ड्रम दाबून उपयोग नाही. दाबाने नायलॉनचे केस वाकतात आणि त्यांच्या टोकांचा घासण्याचा गुण नाहीसा होतो. त्याच पट्टीवरून हलक्या हाताने पुन्हा एकदा जावे.

उतारावर वरून खाली जाताना कचरा उताराच्या दिशेने जातो, हे सोयीचे असते, पण ओल्या शेवाळावर पाय घसरला तर माणूस यंत्रावर पडतो. म्हणून आधी उभे राहण्याची पट्टी खराट्याने मोकळी करून घ्यावी आणि पावले लहान टाकावीत. पायऱ्यांवर मात्र मी हे यंत्र चालवत नाही आणि कोणी चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाखाडीच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात, प्रत्येक पायरीची कड ड्रमला झटका देते, आणि तो झटका सावरायला मागे सरकण्याइतकी जागा नसते. पायऱ्यांसाठी खराटा आणि तारेचा ब्रश पुरेसे आहेत.

ड्रममध्ये काही अडकले तर इंजिन बंद करावे, ड्रम थांबू द्यावा, स्पार्क प्लगची टोपी काढावी आणि मगच हात घालावा. बॅटरीवरच्या यंत्रात आधी बॅटरी बाहेर काढावी. अशा यंत्रांना धूर नाही, आवाज कमी आणि इंजिन गरम होण्याची भीती नाही. पण बटण दाबताच ती चालू होतात, त्यामुळे अडकलेली दोरी सोडवताना बॅटरी आत राहिली तर पेट्रोलच्या यंत्राइतकाच, किंबहुना थोडा अधिकच धोका असतो.

आवाज आणि हादरे यांची मर्यादा वेळेत मोजावी लागते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम चालते, आणि आवाज दर तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. पेट्रोलवरचे यंत्र कानाशी सहज ९० च्या पुढे जाते, म्हणजे कानांवर काही न लावता सकाळभर काम करणे शक्य नाही. हातांतून जाणाऱ्या हादऱ्यांनी बोटांच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांवर परिणाम होतो. बोटे बधिर होणे, मुंग्या येणे, टोके पांढरी पडणे ही त्याची लक्षणे आहेत. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात दिवसभराच्या सरासरी हादऱ्यांसाठी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही उपाययोजना सुरू करण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवली. घरी हे मोजायला साधन नसते, म्हणून इंजिनाची एक टाकी संपली की विश्रांती घ्यावी आणि पुढची टाकी दुसऱ्या माणसाने चालवावी. रबरी बुशे झिजून हादरे वाढले असतील तर ती बदलावीत. शेजाऱ्यांचाही विचार हवा: आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र दहा ते सकाळी सहा अशी धरली आहे. चाकरमान्यांची गाडी पहाटे यायची म्हणून साडेपाचला अंगण झाडायला काढणे योग्य नाही.

या सगळ्यात मला सर्वाधिक सलते ती गोष्ट वेगळी आहे. यंत्र बागायतदाराचे असते, पण ते चालवतो रोजंदारीवर आलेला माणूस. त्याला दोरी कशी ओढायची आणि रेस कुठे आहे एवढे दाखवले जाते. मास्क, चष्मा, कानांचे मफ, बूट यांपैकी काहीच दिले जात नाही, आणि त्याने मागितले नाही म्हणजे त्याला गरज नाही असे गृहीत धरले जाते. ज्याची मजुरी दिवसाच्या कामावर ठरते, तो माणूस पाच मिनिटे वाट तपासत बसेल किंवा पाणी मुरण्याची वाट पाहत थांबेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ती वेळ मालकाने कामातच धरली पाहिजे आणि तसे त्याला मोकळेपणाने सांगितले पाहिजे. संरक्षणाची साधने यंत्राबरोबरच विकत घ्यावीत, मजुराच्या मापाची घ्यावीत आणि यंत्राच्याच कपाटात ठेवावीत, म्हणजे एक बाहेर काढले की दुसरे समोर दिसते. मास्क आणि कानांचे प्लग प्रत्येकाला वेगळे द्यावेत. पहिल्या दिवशी मालकाने स्वतः सोबत उभे राहावे आणि गार्ड, मंद गती व पकड या तीन गोष्टी त्याच्याकडून करून घ्याव्यात.

काम संपल्यावर ड्रम धुऊन आसाभोवतीचे धागे सुरीने कापून काढावेत, एअर फिल्टर झटकावा, पट्ट्यांना किंवा नायलॉनला चिरा गेल्या आहेत का ते पाहावे आणि ड्रमचे दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळावेत. एका बाजूची पट्टी झिजली असेल तर पूर्ण संच बदलावा, नाहीतर ड्रम असमतोल फिरून हादरे वाढतात. पुन्हा काही महिने लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवून कार्ब्युरेटरमधले उरलेले इंधन संपवावे आणि यंत्र कोरड्या जागी टांगून ठेवावे. नायलॉनचा ड्रम जमिनीवर टेकवून ठेवला तर केस एका बाजूला कायमचे वाकतात, म्हणून तो दांड्यापासून वेगळा काढून खुंटीला अडकवणेच चांगले.